दोन तऱ्हांचा आठ

त्या मंगळवारी आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात पाणी उशिरा आलं. सहाचं पाणी पावणेसातला. त्यामुळे एक डोळा पिंपावर आणि एक तव्यावर असं माझं चाललं होतं. नवरा डबा घेऊन गेलेला, लेक चिमी परीक्षा संपल्यामुळे बिनघोर झोपलेली. कुकरने शिट्टी दिली आणि दार वाजलं. आमची बेल चांगली चालते, तरी कुणीतरी बोटाच्या पेराने ठोकत होतं. तीन ठोके, थांबून पुन्हा तीन.

दारात खालच्या मजल्यावरचे सुदामकाका. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात प्लास्टिकची फाईल. काका कधी दार वाजवत नाहीत. जिन्यातूनच "आहात का ताई?" असा आवाज देतात आणि आपण ओ देईपर्यंत अर्धा जिना चढून आलेले असतात.

"ताई, एक वाचून सांगा." त्यांनी फाईलमधून कागद काढला. चौकटी आखलेला, कार्बनची निळी प्रत. एका चौकटीवर बोट ठेवलं. "हा आकडा कुठला?"

"चार."

"नक्की?"

"काका, मराठी शाळेत शिकलेय मी. चारच आहे."

"आठ नाही वाटत?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी कागद जरा लांब धरला. "मराठी विसरा. इंग्रजी म्हणून बघा."

मी बघितलं. काका घाईत लिहितात, त्यामुळे ४ ची वरची दोन शिंगं एकमेकांना चिकटलेली. खाली गोल गाठ. मराठी विसरून बघितलं तर तो सरळसरळ इंग्रजी 8 होता.

"हो," मी म्हणाले. "तसं बघितलं तर आठ."

"तसंच बघितलंय त्यांनी. अठरा मॅचेस." आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. "गॅस बंद करा, चार शिट्ट्या झाल्या."

मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी मोजल्या होत्या.

गॅस बंद करून मी त्यांना आत बसवलं. चहा ठेवू का विचारलं तर नको म्हणाले, आणि ठेवला तर प्याले. कप रिकामा झाल्यावरही एकदा तोंडाला लावला.

सुदामकाका काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. अंबरनाथच्या एमआयडीसीत पाण्याचे व्हॉल्व बनवणारी एक कंपनी होती, तिथे एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला. व्हॉल्व हातात घ्यायचा, गेज लावायचा, पास किंवा नापास लिहायचं. तरुणपणी कंपनीच्या टीममधून फुटबॉल खेळले, डाव्या अंगाने. गुडघा गेला, खेळ सुटला, बघणं राहिलं. बायको शालन होती तोवर ती म्हणायची, "ह्यांना सासुरवाडीला मान नको, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ जागा द्या." ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला. काका एकटे, वरण-भात स्वतः करतात, आणि खाडी एफसीच्या मॅचला जातात.

खाडी एफसी म्हणजे आपल्याकडची टीम. पगारी, व्यावसायिक, पण वरच्या लीगमधली नव्हे, दुसऱ्या पायरीवरची. मॅच दाखवतात तीही मोबाईलवर, एका लांबच्या कॅमेऱ्यातून. पळणारी माणसं तिळाएवढी दिसतात. यंदा अठरा मॅचपैकी अकरा हरले आणि खालून दुसरे आले. तरी त्यांचे चाहते कमी नाहीत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशा आपल्या तीन गावांतल्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'खाडीचे पंखे'. फॅन म्हणजे पंखे, असा तो विनोद. नवऱ्याने मला कधीतरी त्यात घातलं आणि बाहेर पडायचं राहून गेलं. भाजी निवडताना वाचायला बरा असतो.

ग्रुपवर रोज एकच विषय, मॅनेजमेंट. विठ्ठलवाडीचा सनी हा ॲडमिन. त्याचं म्हणणं, "मॅनेजमेंटला एक्सेल येतं, फुटबॉल नाही येत. लॅपटॉपलाच शॉर्ट्स घालून उतरवा ना मैदानात." क्लबने मागच्या वर्षी एक 'डेटा सेल' काढला. तेव्हापासून तर कहरच. कोणीतरी विचारलं, हे एक्सजी एक्सजी म्हणतात ते काय असतं. त्यावर सनीचं उत्तर, "न झालेल्या गोलचे मार्क. शाळेत अपने को असे मिळाले असते तो मैं भी डॉक्टर होता." कोच बदला म्हणणारे वेगळे, मालक बदला म्हणणारे वेगळे, आणि दोन जण असे की ज्यांना जर्सीचा रंगच पनवती वाटतो.

सगळ्यांत मान सुदामकाकांना. कारण काका मैदानावर जाऊन मोजायचे. प्रत्येक मॅचचा चौकटींचा कागद: आडव्या चौकटीत पाच-पाच मिनिटं, उभ्या चौकटीत काय घडलं ते. समोरच्याचा पास मध्येच अडवला तर त्याला काका 'तोड' म्हणायचे. तोड कोणी केली, डोक्याने बॉल कोणी काढला, पास कोणाचा चुकला, त्या त्या चौकटीत फक्त जर्सीचा नंबर लिहायचा. मान खाली न घालता. कंपनीत सगळं इंग्रजीत लिहावं लागे, पण इथे न बघता लिहायचं म्हटलं की हात शाळेत शिकलेलंच लिहितो, असं ते म्हणत. मॅच संपली की ग्रुपवर टाकायचे, 'चार नंबर: अकरा तोड.' मग खाली अंगठेच अंगठे.

चार नंबर म्हणजे राजरत्न. अंबरनाथचाच, एकतीस वर्षांचा, बचावात खेळणारा. कॅमेऱ्याला न दिसणारा खेळाडू. तो गोल करत नाही, होऊ देत नाही. सीझन संपल्यावर क्लबने ज्यांना सोडलं त्या यादीत त्याचं नाव होतं, आणि आठ नंबरला मात्र तीन वर्षांचं काँट्रॅक्ट. ग्रुप पेटला. आठ नंबर म्हणजे डॉक्टरने चालायला सांगितलंय म्हणून येणारा माणूस, असं सगळ्यांचं मत. त्या दिवशी काकांनी आयुष्यातला सगळ्यात लांब मेसेज लिहिला. मला तो जवळजवळ पाठ आहे. 'या क्लबकडे मैदानावर येऊन बघणारा एकही डोळा नाही. कुणाच्या तरी कागदावर हे टीम चालवतात. तो कागद लिहिणारा कोण, त्याला फुटबॉल कळतो का, हे एकदा त्यांनी जाहीर करावं.' एकशे चाळीस जणांनी तो पुढे पाठवला.

ही झाली एप्रिलमधली गोष्ट. मग काकांनी माझं दार वाजवलं त्याच्या आदल्या रात्री, सोमवारी, जेवणाच्या वेळी सनीने ग्रुपवर एक पान टाकलं. राजरत्नला गोव्याच्या एका टीमने विचारलं होतं; त्यांना शुक्रवारपर्यंत त्याचा सीझनचा रिपोर्ट हवा होता. क्लबने दिला तो रिपोर्ट त्याने सनीला दाखवला आणि सनीने त्यातलं एक पान उचलून टाकलं, 'बघा, काय लायकी काढलीय आपल्या माणसाची.' कोल्हापूरच्या टीमशी झालेली मॅच. चार नंबर, तोड: शून्य. आठ नंबर, तोड: तेरा.

काकांनी आपल्या कार्बनच्या प्रतीत ती मॅच काढली. चार नंबरच्या अकरा, आठ नंबरच्या दोन. अकरा आणि दोन तेरा. त्यांनी दुसरी मॅच काढली. मग तिसरी. पानाच्या खाली, बारीक अक्षरात, रिपोर्ट बनवणाऱ्या ऑफिसचं नाव होतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधलं. दर सोमवारी काका स्वतःच्या हाताने ज्या ऑफिसात शीट देऊन यायचे, तेच.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी स्टँडमध्ये एकाने लिहिताना बघितलं. म्हणाला, काका, आमच्या व्हिडिओत नंबर दिसत नाहीत, तुमची शीटं द्याल का? सीझनचा पास मिळेल. मला वाटलं कुठल्या ॲपसाठी असेल. क्लबला जातंय हे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही."

त्यांनी कागद फाईलमध्ये ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "तो कागद लिहिणारा कोण, असं मी विचारलं होतं ना," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही येता का बरोबर? तिथे माझी शीटं टाइप करणारी एक मुलगी आहे. तिच्याशी मी एकटा बोलायला गेलो तर तिला वाटेल भांडायला आलो."

मला तसंही उल्हासनगरला परकराचं कापड बघायचं होतं. चिमीला उठवून पोळ्या झाकायला सांगितल्या आणि निघाले.

ऑफिस म्हणजे नानकटाई-खारी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरची खोली. जिन्यातच तुपाचा वास. चार कॉम्प्युटर, तीन बंद. चौथ्यावर करिष्मा बसली होती, बावीस-तेवीसची, कानात मोठे हेडफोन.

"अंकल, आज तो मंडे नाही. आणि सीझन पण संपला ना?" मग मला बघून उठली. "आंटी, बसा."

काकांनी शीट तिच्यासमोर ठेवलं. मघाचंच बोट, मघाचीच चौकट. "हा कितवा नंबर, बेटा?"

"एट," ती लगेच म्हणाली.

"आणि हा?" काकांनी खालचा ८ दाखवला.

"हा पण एट. तुम्ही एट दोन टाइपने लिहिता ना. एक फास्टवाला, एक आरामवाला. माझे पप्पा सेव्हन पण असेच दोन टाइपने लिहितात."

तिच्या स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मी ती वाचली आणि मला सगळं कळलं. निळ्या पेनाने तिने मराठी आकडे गिरवले होते आणि समोर इंग्रजी: ५, ६, ७, ८, ९, आणि सगळ्यात खाली १. बस. इंग्रजी शाळेत शिकलेली, सिंधी घरातली मुलगी. पहिल्या आठवड्यात तिने काकांना फोन करून करून ते सहा आकडे विचारून घेतले होते. हे काकांनाही आठवलं. २ आणि ३ दिसायला जवळपास सारखेच. ४ तिने विचारला नाही, कारण तो तिला वाचता येत होता. जे येत नाही ते माणूस विचारतो. जे येतंय असं वाटतं ते कशाला विचारेल? आणि टीममध्ये चौदा किंवा चोवीस नंबरचा कोणी नव्हता, नाहीतर तेव्हाच कुठेतरी अडखळली असती.

"मग चार नंबर कुठे गेला असं नाही वाटलं तुला?" मी विचारलं.

"वाटलं ना, आंटी." तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मला वाटलं, हा फोर नंबर काहीच करत नाही. साईंना, आमच्या मालकांना, बोलले पण. ते बोलले, असे असतात काही प्लेअर, टीमवर ओझं."

काकांनी चारचा आकडा तिच्या चिठ्ठीवर लिहिला आणि पुढे इंग्रजी 4 काढला. करिष्मा त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. खाली कारखान्यात कोणीतरी पत्र्याचे ट्रे आपटत होतं.

"अंकल, त्याला काढलं ना त्यांनी," ती म्हणाली.

"हो."

"माझ्यामुळे."

"अक्षर माझं आहे," काका म्हणाले.

तिने मालकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मालक वाईट माणूस वाटला नाही, घाबरलेला वाटला. "देखो, फायनल रिपोर्ट गेलेला आहे. आता मी बोललो की चूक होती, तर ते बोलणार मागच्या वर्षीचं पण चूक. धंदा आहे माझा. अंकल लिहून देतात का, की शीट त्यांची, लिखावट त्यांची? तर मी नया रिपोर्ट काढतो. नहीं तो सॉरी."

"देतो," काका म्हणाले.

"काका, थोडा विचार करा," मी हळूच म्हटलं. "चूक तुमची एकट्याची कुठे आहे?"

"शुक्रवारपर्यंत रिपोर्ट जायला हवा, ताई. चूक कोणाची ते शनिवारी बघू."

करिष्माने कोरा कागद दिला. काकांनी लिहिलं: मी, सुदाम अमुक तमुक, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम, असे लिहून देतो की. वर तारीख घातली ती मराठी आकड्यांत. करिष्मा बघत होती. काकांनी तारखेवर एक रेघ मारली आणि पुढे इंग्रजीत लिहिली.

व्हिडिओतून आठ आणि चार वेगळे काढणं शक्य नव्हतं. अठरा शीटं पुन्हा भरायची होती. बुधवारी आणि गुरुवारी काका डबा घेऊन कॅम्प पाचला गेले. गुरुवारी दुपारी मी कापड बदलायला गेले तेव्हा तिथे डोकावले. काका मोठ्याने वाचत होते, ती टाइप करत होती.

"तिसावं ते पस्तिसावं. तोड. चार. चार. अकरा. चार."

"अंकल, हा फोर नंबर थकत नाही का?"

"थकायचा. दाखवायचा नाही. पुढे. डोकं. चार."

"शेवटच्या पाच मिनिटांत पण?"

"त्या मॅचला भुवई फाटली होती त्याची. पट्टी बांधून. चार."

ती टाइप करायची थांबली, मग पुन्हा सुरू झाली. वाचताना काकांचा सूर देवळात कोणी नावं वाचावीत तसा होता, एका पट्टीत. आठ-दहा मॅच झाल्यावर करिष्माने बेरीज दाखवली. तेवढ्यावरच संपूर्ण लीगमध्ये चार नंबर तोडीत दुसरा आला होता. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पुढची मॅच घे."

शुक्रवारी दुपारी एकला नवा रिपोर्ट गोव्याला गेला, एक प्रत क्लबला. क्लबकडून दोन ओळींचं उत्तर आलं. आपण निदर्शनास आणलेल्या बाबीची नोंद घेतली आहे. धन्यवाद. गोव्याहून सोमवारी आलं. जागा बुधवारीच भरली होती, दुसरा बचावपटू घेतला होता. बुधवारी, म्हणजे काका पहिली मॅच वाचत होते तेव्हा. पुढच्या वर्षी जरूर संपर्क ठेवा, असंही होतं.

राजरत्नने ते उत्तर काकांना नुसतं पुढे पाठवलं. काकांनी मला जिन्यात दाखवलं. मी विचारलं, जेवलात का? ते म्हणाले, हो. मग म्हणाले, नाही बहुतेक.

त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. यावेळी मेसेज लहान होता. 'राजरत्नच्या रिपोर्टमध्ये चूक झाली ती माझ्या शीटवरून. माझा मराठी चार इंग्रजी आठ म्हणून वाचला गेला. क्लबला आकडे माझेच जात होते. मला ठाऊक नव्हतं. मॅनेजमेंटला याबाबत दोष देऊ नये. सुदाम.'

मला वाटलं, आता काकांवर तुटून पडतील. नवरा आणि मी जेवण सोडून फोनकडे बघत बसलो. सात-आठ मिनिटं गेली. मग सनीचं आलं, "काका, हे तुमच्याकडून कोणी लिहून घेतलं?"

कोणीतरी लिहिलं, "म्हाताऱ्या माणसाला पुढे केलं मॅनेजमेंटने. शेम." दुसऱ्याने, "मराठी आकड्यावर ढकललं काय? आता मराठीचीच चूक का?" आणखी एकाने अंदाज बांधला की काकांना पुढच्या सीझनचे बॉक्समधले पास मिळाले असणार. काकांनी शीटचा फोटो टाकला, ४ भोवती गोल करून. त्यावर एकाने लिहिलं, "मला तर चारच दिसतो. मॅनेजमेंट आंधळी आहे, सिद्ध झालं."

विठा नावाची बाई आहे ग्रुपवर, अंबरनाथला शाळेत शिपाई आहे, कधी लिहीत नाही. तिने लिहिलं, "काका खरं बोलतायत असं समजू. पण वर्षभर एकदा तरी कोणी मैदानात येऊन बघितलं असतं, तर चार कोण न् आठ कोण दिसलं असतं ना." हे मला पटलं. पण तिच्या मेसेजवर आधीच कोणाचा तरी बाविसावा लॅपटॉपचा विनोद येऊन बसला होता.

काकांनी आणखी दोनदा लिहिलं की चूक माझी. दुसऱ्यांदा सनीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. "काका, आप बड़े हो. तुम्ही आराम करा. मॅनेजमेंटचं आम्ही बघतो."

मला वाटतं, शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी अंगाला लागते तरी. हे म्हणजे माणूस दार वाजवतोय आणि आतले म्हणतायत, घरी आम्ही सगळे आहोत, कोणी यायचं राहिलेलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस काका जिन्यात दिसले नाहीत. दूध घ्यायचे, पेपर घ्यायचे. शनिवारी वरण नेऊन दिलं तेव्हा टेबलावर सगळी अठरा शीटं पसरलेली होती आणि ते लाल पेनाने काहीतरी करत होते. मी विचारलं नाही. रविवारी सकाळी जिन्यातून आवाज आला, "आहात का ताई?" मला तेवढ्यानेही बरं वाटलं. "अंबरनाथला जाऊन येऊ," ते म्हणाले. "राजरत्नकडे. तुम्ही असलात तर त्याची आई बोलेल कोणाशी तरी."

राजरत्नचं घर अंबरनाथ पूर्वेला, तळमजल्याच्या दोन खोल्या. त्याच्या आईने, भिमाबाईंनी, दार उघडलं. "जय भीम, या." काकांनीही जय भीम केला आणि बूट काढायला खाली वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले, नाडी सुटत नव्हती, गुडघा वळत नव्हता. शेवटी राजरत्ननेच येऊन त्यांची नाडी सोडवली. उंच, खांद्यात रुंद, भुवईत टाक्यांची खूण. इतक्या लांबून बघितलेला माणूस एवढ्या जवळ बघून मलाच कसंतरी झालं.

भिमाबाईंनी चहा आणला. त्या मला म्हणाल्या, "एका शाळेत खेळाचे सर म्हणून लागतोय जूनपासून. घराजवळ आहे. बरंच झालं म्हणायचं, नाही का?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नाही का? मी पुन्हा हो म्हटलं.

काका आणि राजरत्न पलंगाच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये फाईल.

"ग्रुपवर वाचलं मी," राजरत्न म्हणाला. "कोणी मानेना तुमचं."

"तू मानलंस का?"

"मी तर चारच घालायचो, काका. मला माहितीय मी किती वेळा पळालो." तो जरासा हसल्यासारखा झाला. "दहा वर्षं चार घातला आणि शेवटी आठ झालो. डबल प्रमोशन."

भिमाबाई हसल्या नाहीत. काकाही नाहीत.

"राग आला असेल," काका म्हणाले.

राजरत्नने विचार केला. खरंच विचार केला, उगाच सभ्यपणाने बोलायचं म्हणून नाही. "यायला पाहिजे. येत नाहीये. सकाळी पाचला जाग येते, बूट घालतो, आणि मग आठवतं. मग बूट काढून ठेवतो. बस, तेवढंच. तुमच्यावर येत नाही, क्लबवर पण येत नाही. सनी रोज फोन करतो, बोलतो मॅनेजमेंटच्या विरोधात व्हिडिओ बनवू. मी बोललो, भाई, मला झोप येतेय."

"पुढच्या वर्षी गोव्याला..."

"बत्तीसचा होईन, काका."

भिमाबाईंनी पंख्याचं बटण एक घर पुढे केलं, मग मागे केलं.

काकांनी फाईल उघडली. अठरा शीटं. मला आता ती जवळून दिसली. प्रत्येक ४ वर लाल पेनाची एकच आडवी रेघ होती, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी इंग्रजी 4, नीट, सावकाश काढलेला. एकाही चौकटीत गिचमीड नव्हती. प्रत्येक पानाच्या खाली डाव्या बाजूला काकांची सही आणि तारीख. उजवी बाजू कोरी.

राजरत्नने दोन-तीन पानं उलटली. एका पानावर थांबला. "हा कॉर्नरचा बॉल मी डोक्याने काढला होता, हे लिहिलंय तुम्ही? व्हिडिओत दिसतच नाही हे."

"लिहिलंय."

"हे आता कोणाला द्यायचंय? गोव्याला?"

"नाही."

"क्लबला?"

"कोणालाच नाही," काका म्हणाले. "त्यांनी नोंद घेतलीय." मग ते जरा सरळ बसले, कंपनीत टेबलापाशी बसत असतील तसे. "आमच्याकडे शीटवर दुरुस्ती केली की एकाची सही चालायची नाही. ज्याने माल बनवला त्याने बघायचं, आणि त्याने सही करायची. तोवर ते पान पुरं व्हायचं नाही. पान बंद करता यायचं नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि राजरत्नसमोर धरलं.

"वाच एकदा सगळं. जिथे तुला पटेल तिथे उजवीकडे सही कर. जिथे नाही पटणार तिथे करू नको. मला एवढंच पाहिजे."